नागपुरात म्युझियम काढायचंय? ट्रस्टच्या वाटेने का धंद्याच्या डोक्याने

आजोबांनी जमवलेले अडकित्ते, पितळी दिवे, नाणी, मोडीतले कागद घरात पडून आहेत आणि महाल भागात जुना वाडाही आहे, मग आपणच म्युझियम काढू असं डोक्यात असेल तर आधी हे ठरवा की ते देणगी-अनुदानावर चालवायचं का तिकीट, दुकान, वर्कशॉप यातून कमाई करून.

आपला अजब बंगला, म्हणजे नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय, 1863 पासून उभा आहे. सरकारी असल्यामुळे पगार-डागडुजी सरकारकडून, तिकीट स्वस्त, म्हणून कोणाचेही पोट्टे आत जाऊन बघू शकतात, ही फार मोठी गोष्ट आहे. पण साधं शोकेस बदलायचं तरी फाईल फिरते. ट्रस्टचंही थोडंफार तसंच, धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, दरवर्षी ऑडिट, जागा विकायची तर परवानगी, आणि देणगीदार दमला की तिजोरी रिकामी.

धंद्याच्या डोक्याने चालवणारा माणूस आधी गिऱ्हाईक बघतो, आणि ते मला मनापासून पटतं. नागपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, मग दहा ते पाच उघडं ठेवून बसायचं काहून? उन्हाळ्यात संध्याकाळचं टायमिंग करा, थंडीत शाळांच्या सहली धरा, आणि ताडोबा-पेंचला जाणारे पाहुणे एअरपोर्टवरून थेट गाडीत बसून निघून जातात त्यांना अर्धा दिवस थांबवता आलं तर बघा. रमण विज्ञान केंद्रात तारांगणाचं वेगळं तिकीट आहे, मोतीबागच्या नॅरोगेज म्युझियममध्ये पोरांसाठी टॉय ट्रेन आहे, म्हणजे सरकारी ठिकाणीही लोक कशासाठी जास्तीचे पैसे देतात ते दिसतंच.

पण हेच डोकं वस्तूंच्या खोलीत शिरलं की नुकसान करतं. एसीचं बिल परवडत नाही म्हणून कूलर लावतात, आपल्याकडे घरोघरी तेच आहे, पण कूलर खोलीत ओल भरतो, तांब्या-पितळेवर हिरवट डाग उठतात, मोडीच्या कागदाला बुरशी धरते आणि शाई पसरते. कागदाच्या खोलीचं तापमान आणि ओल रात्रीही सारखी राहायला पाहिजे, जेव्हा एकही तिकीट विकलं जात नाही. नफ्याच्या हिशोबात हा खर्च पहिला कापला जातो. आणि मंदीचं वर्ष आलं की एखादी मूर्ती विकून टाकू असंही मनात येतं. 1972 च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या अशा वस्तू पुरावस्तू ठरतात, त्यांचा धंदा करायला लायसन लागतं आणि खासगी माणसाला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत, हेही माहीत असू द्या.

मुंबईचं भाऊ दाजी लाड संग्रहालय बघा. 1872 ची इमारत, पार अवकळा आलेली, मग 2003 मध्ये महापालिका, वारसा जपणारी संस्था इंटॅक आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांनी करार केला आणि 2008 ला नव्याने उघडलं. मालकी पालिकेचीच राहिली, चालवायची पद्धत तेवढी बदलली. पुण्यात दिनकर केळकरांनी आयुष्यभर जमवलेल्या जुन्या वस्तू राज्य सरकारला देऊन टाकल्या, आणि त्या आज एका छताखाली आहेत.

म्हणून माझं स्पष्ट मत, वस्तू ट्रस्टच्या नावावर करा आणि दुकान, कॅफे, हॉलचं भाडं, वर्कशॉप वेगळ्या कंपनीकडे ठेवा, कंपनीने ट्रस्टला दरमहा ठरलेली रक्कम द्यायची, धंदा मंदा असला तरी. यात अजून एक फायदा आहे, 2013 च्या कंपनी कायद्यात सीएसआरच्या, म्हणजे मोठ्या कंपन्यांनी समाजासाठी करायच्या खर्चाच्या, यादीत वारसा-कला आहे, पण तो पैसा नोंदणीकृत ट्रस्टला मिळतो, तुमच्या प्रायव्हेट लिमिटेडला नाही. दोन ठिकाणी हिशोब ठेवायचा व्याप आहे, सीएची फी वाढेल, तेवढं सोसा.

वाडा भाड्याचा असेल तर मात्र कॅफे-बिफेच्या नादी सध्या लागू नका, इंटेरियरवर घातलेला पैसा मालकाच्या घशात जाईल. दोन खोल्या, शाळांच्या सहली आणि अडकित्त्यांसारखा एकच विषय नीट मांडून सुरू करा, आणि तिकिटाचा दर ठरवायच्या आधी प्रत्येक वस्तूचा फोटो, माप, कुठून आली ते रजिस्टरमध्ये लिहून काढा, कारण ट्रस्टच्या नावावर करतानाही तेच लागेल आणि विम्यालाही.