अनोळखी गुलाब: चैती, एडवर्ड की खुंटाचा फुटवा?

इंदूरमध्ये रामबाग, नारायण बागेकडच्या जुन्या घरांच्या आवारात नाव विसरलेला गुलाब असतोच. ठेवायचा की काढायचा, हे बहुतेक जण फुलाच्या रंगावरून ठरवतात आणि तिथेच फसतात. कडक उन्हात गडद गुलाबीही फिका पडतो. शिवाय चैती आणि एडवर्ड हे आपल्याकडचे दोन जुने गुलाब: दोन्ही गुलाबी, दोन्ही सुवासिक, दोन्ही गुलकंदाला चालणारे. म्हणून आधी फुलाच्या खाली बघा.

सुरुवात बुंध्यापासून. माती चार-पाच इंच उकरा. विकतचा गुलाब बहुधा दुसऱ्या गुलाबाच्या मुळांवर, म्हणजे खुंटावर, डोळा भरून (कळीचं कलम करून) वाढवलेला असतो. डोळा भरलेल्या जागी खोडाला गाठ दिसते. गाठीच्या वरून निघालेली फांदी कलमाची, खालून निघालेली खुंटाची. माळव्याच्या काळ्या मातीत पावसाळ्यात पाणी तुंबलं की कलम मरतं आणि खुंट जोमाने फुटतो. लाल गुलाबाला अचानक पांढरी फुलं येतात ती यामुळे. खुंट मल्टिफ्लोरा या जंगली गुलाबाचा असेल तर पानाच्या देठाच्या तळाशी चिकटलेलं उपपर्ण, म्हणजे छोटी हिरवी पट्टी, कंगव्याच्या दातांसारखं कातरलेलं दिसतं आणि लहान फुलं झुपक्याने येतात. सात पर्णिका (एका पानातली छोटी पानं) म्हणजे खुंटच, या समजावर मात्र कुऱ्हाड चालवू नका. चैतीच्या पानातही पाच ते सात पर्णिका असतात.

चैती आणि एडवर्ड यांतला फरक फांदीवर कळतो. चैतीचे काटे दाट आणि असमान, जाड वाकड्या काट्यांमध्ये बारीक सरळ कुसळं. पान राखट हिरवं, खालून मऊ लव, कळीचा देठ बोटाला चिकट लागतो. एडवर्डचे काटे विरळ, कुसळांची गर्दी नाही. सगळ्यात भरवशाची खूण बहराची: चैती मार्च-एप्रिलमध्ये एकदाच फुलतो, एडवर्ड वर्षात पुन्हा पुन्हा. फुलं गडद लाल, झुकलेली आणि कोवळी पालवी जांभळट असेल तर १८९७चा ‘ग्रुस आन टेप्लिट्झ’ ही जुनी जात असण्याची शक्यता धरा.

हा फरक छाटणीसाठी लागतो. हायब्रिड टी, म्हणजे मोठ्या फुलांचे आधुनिक गुलाब, ऑक्टोबरमध्ये छाटतात, चैती डिसेंबरअखेर. त्यामुळे ओळख पक्की नसेल तर मार्च-एप्रिलचा एक बहर जाऊ द्या, तोवर फक्त वाळलेल्या काड्या काढा.

फुलं हिरवी असतील तर आणखी एक प्रश्न. झाडावरचं प्रत्येक फूल कायम हिरवं, पाकळ्यांच्या जागी पानासारखी दलं, तर तो चायना या जुन्या गुलाबगटातला हिरवा गुलाब, जरूर जपा. एरवी नेहमीची फुलं देणाऱ्या झाडाच्या एखाद्या फांदीवरच असं झालं तर ती विकृती आहे. उष्णतेने होते, रोगानेही होते. ती फांदी कापा. पुढच्या बहरांतही तसंच पसरत गेलं तर झाड काढा.

मोबाइलच्या ॲपवर गटापर्यंतच विश्वास ठेवा. हायब्रिड टीच्या हजारो जातींतून नेमकं नाव काढायला नावाची खात्री असलेलं झाड शेजारी ठेवून ताडावं लागतं. जाणकाराला दाखवायचं तर नुसत्या फुलाचा फोटो नको. काटे, पानाची खालची बाजू, उपपर्ण, बाजूने कळी आणि फुलाच्या मागची हिरवी दलं, एवढं सगळं हवं.

खुंटाचा फुटवा काढायचा ठरला तर जमिनीलगत कापू नका, तळाचे डोळे पुन्हा फुटतात. माती सारून, तो खुंटाला जिथे जोडलेला आहे तिथून ओढून तोडा. पण त्याआधी त्याची फुलं बघा. आपल्याकडे एडवर्डही खुंट म्हणून वापरतात. तो निघाला तर पेन्सिलीएवढ्या जाडीच्या काड्या लावून वाढवण्यासारखा आहे.