कार्डावर दोन महिने, तोंडात जेमतेम एक

इंदूरमध्ये पिल्लू विकत घेणार असाल तर विक्रेता सांगेल ते वय खरं धरू नका. आम्हाला जातीत किंवा किमतीत नाही, वयात फसवलं. ही लबाडी पटकन लक्षात येत नाही, कारण पिल्लू जितकं लहान तितका जीव लवकर विरघळतो.

ऑनलाइन जाहिरात बघून लॅब्राडोरसाठी फोन केला. "भिया, पूरे दो महीने का है, वैक्सीन भी हो गया." आई बघायला येतो म्हटलं, तर ती म्हणे देवासकडच्या फार्महाऊसवर. माणूस स्कूटरवरून राजवाड्याजवळ पिल्लू देऊन गेला. पैसे यूपीआयनं घेतले, बिल दिलं नाही. एक लसीकरण कार्ड आणि तीन दिवसांची 'गारंटी' मात्र दिली.

घरी आल्यावर पिल्लू भिजवलेल्या डॉगफूडच्या दाण्यात नाक बुडवून नुसतं शिंकत बसलं. आमच्या सासूबाई लगेच म्हणाल्या, "याचं अजून आईचं दूध सुटलेलं नाही." डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी अंगठ्यानं ओठ वर केला. पुढे तांदळाच्या कण्यांसारखे बारीक दात, सुळ्यांची नुसती टोकं, आणि मागे गुळगुळीत हिरडी. आठ आठवड्यांच्या पिलाला दुधाचे 28 दात बहुतेक आलेले असतात, दाढांसकट. हे फार तर महिनाभराचं होतं. म्हणजे कार्डावर ज्या तारखेला 'पहिला डोस' लिहिला होता, तेव्हा बिचाऱ्याचे डोळे नुकते उघडले असणार! पार्व्हो आणि डिस्टेंपर या पिल्लांच्या जीवघेण्या विषाणूजन्य आजारांवरची लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करतात. लस खरंच दिली असेल तर कुपीवरचं लेबल काढून कार्डावर चिकटवतात, त्यावर बॅच नंबर आणि मुदत असते. आमच्या कार्डावर ती जागा रिकामी, आणि खाली न वाचता येणारा शिक्का.

त्या आठवड्यातच उलट्या सुरू झाल्या, मग रक्ताची हगवण. पार्व्हो निघाला. सलाईनवर ठेवावं लागलं. पिल्लू वाचलं, पण उपचारांचा खर्च त्याच्या किमतीच्या वर गेला. विक्रेत्याला फोन केला तर उत्तर तयार: "गारंटी तो तीन दिन की थी." पार्व्होची लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला साधारण तीन ते सात दिवस लागतात, कधी त्याहून जास्त. ती तीन दिवसांची मुदत कुठून आली ते तेव्हा कळलं.

यामागचा हिशेब सरळ आहे. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून पिलं वरचं खायला लागतात आणि खर्च वाढतो. जंताचं औषध, लस, साफसफाई हे सगळं त्याच महिन्यात येतं. शिवाय आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरायला लागते, त्यामुळे पिलं दगावण्याची भीती वाढते. चौथ्या आठवड्यात विकलं की खर्च आणि मरण दोन्ही गिऱ्हाईकाच्या घरी.

2017 च्या श्वान प्रजनन आणि विक्री नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, आणि प्रजनन करणाऱ्याची राज्य पशु कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक विचारला की निम्मी मंडळी तिथेच फोन ठेवतील. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे, पण तिथे तक्रार करायची तर हातात बिल हवं, निदान विक्रेत्याचं खरं नाव-गाव तरी. आमच्याकडे फक्त स्क्रीनशॉट होते.

आजारपण सरलं, तरी एक गोष्ट राहिलीच. चावताना जोर किती लावायचा हे पिल्लू भावंडांशी मस्ती करताना शिकतं: जास्त लागलं की समोरचं कळवळतं, खेळ थांबतो. आमच्याला ती शाळाच मिळाली नाही. खेळता खेळता तो अजून मुलीच्या हातातून रक्त काढतो, आणि ते सोडवायला आम्हाला प्रशिक्षक लावावा लागला आहे.

सध्या शेजारच्या काकू पिल्लू शोधताहेत. त्यांना आम्ही एवढंच शिकवलंय की किंमत विचारण्याआधी आईसोबतचा आणि तोंड उघडून दात दाखवणारा व्हिडिओ मागायचा. एकानं त्यांना थेट ब्लॉक केलं. दुसरा म्हणाला, "आंटी, अभी सो रहा है." संध्याकाळी विचारलं, तरी झोपलेलंच होतं.