अ‍ॅक्सेसमध्ये लिंक टेबलची रचना बदलणे: एका काजू हंगामानंतरचा अनुभव

वाळपईत आमची काजू बी खरेदीची पेढी आहे. डिसेंबरपासून सगळा हिशेब डेटाबेसच्या प्रोग्रामवर, मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसवर. डेटाची फाइल, म्हणजे बॅक-एंड, ऑफिसात. ऑफिस आणि वजनकाटा अशा दोन्ही ठिकाणी फॉर्म-क्वेरींची वेगळी फाइल, त्यात बॅक-एंडमधली टेबलं लिंक केलेली, म्हणजे जोडलेली. रोजच्या कामाला ही मांडणी उत्तम. भर हंगामातही दोन्हीकडून एकाच वेळी पावत्या निघाल्या.

अडलं ते रचनेपाशी. वजनाचं फील्ड, म्हणजे टेबलातला रकाना, मी लाँग इंटिजर (फक्त पूर्णांक धरणारा प्रकार) ठेवलं होतं, त्यामुळे ४८.३ किलो टाकलं की ४८ उरायचे. पहिल्याच आठवड्यात एका बागायतदाराने पावती पुढे धरून विचारलं, "भाई, तीनशें ग्रॅम खंय गेले?" त्यांचं बरोबर होतं.

लिंक केलेलं टेबल रचना बदलायच्या डिझाइन व्ह्यूमध्ये उघडलं, तर इथून काही प्रॉपर्टी बदलता येणार नाहीत अशी सूचना. रचना बदलणारी ऑल्टर टेबलची क्वेरीही नाकारली गेली. लिंक म्हणजे फक्त पत्ता; फॉरमॅट इथे बदलता येतो, पण फील्डचा प्रकार बॅक-एंडमध्येच बदलावा लागतो, तोही टेबल कुणी वापरत नसताना. दुकान बंद केल्यावर बसलो, तरी फोल्डरमधली .एलएसीसीडीबी फाइल (बॅक-एंड कुठेतरी उघडा असेपर्यंत राहणारी कुलपाची फाइल) जाईना. काट्यावरच्या कॉम्प्युटरवर फॉर्म उघडाच राहिला होता. तो बंद करून आधी बॅक-एंडची कॉपी काढली, मगच हात लावला.

वजनाला मी करन्सी प्रकार दिला. नाव पैशाचं असलं तरी त्यात चार दशांश स्थळं अचूक राहतात. डबल या दशांशांच्या दुसऱ्या प्रकारात बेरजा करताना शेवटी बारीक फरक पडू शकतो. मग दोन्हीकडे लिंक्ड टेबल मॅनेजरमधून लिंक रिफ्रेश केल्या. तरीही पावतीवर ४८च! कोडमध्ये वजनाचं व्हेरिएबल लाँग म्हणूनच राहिलं होतं. हे हमखास विसरतं, तिथे आधी बघा.

गेलेले दशांश मात्र फील्ड बदलल्याने परत येत नाहीत. त्या आठवड्याच्या सगळ्या नोंदी काट्याच्या वहीवरून मी पुन्हा भरल्या आणि ज्यांचे पैसे कमी गेले होते त्यांना फरक दिला.

लहान पेढीला मी अ‍ॅक्सेस जरूर सुचवेन. फील्डचे प्रकार मात्र काट्यावर पहिलं पोतं चढायच्या आत ठरवा. पुढच्या वर्षी मला बियांच्या ओलाव्याची नोंद हवी आहे. ते फील्ड आत्ता पावसाळ्यातच घालून ठेवतोय.