कार्डं चांगली, मागची उत्तरं झाका

माझा मुलगा पंधराचा, भाची सोळाची. दोघांशी ‘या विषयावर’ बोलायचं म्हटलं की मीच घसा खाकरत बसते. म्हणून नात्यातलं बरं-वाईट वागणं ओळखायला शिकवणारा कार्डांचा एक संच मागवला. कोणाचा ते लिहीत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत.

६० कार्डं, प्रत्येकावर एक प्रसंग. वाचायचं आणि हिरव्या, पिवळ्या किंवा लाल ढिगात टाकायचं. मागच्या बाजूला ‘बरोबर’ रंग छापलेला.

लाल ढीग पाच मिनिटांत झाला. हात उगारणं, रागात फोन भिंतीवर आपटणं, यात दोघांचं दुमत नव्हतं. ‘सोडून गेलीस तर जिवाचं बरंवाईट करून घेईन’ या कार्डावर मात्र मुलगा अडला. ‘पण त्याला खरंच तसं वाटत असेल तर?’ प्रश्न रास्त होता आणि सोबतच्या पुस्तिकेत त्यावर एक ओळही नाही. मीच सांगितलं, खरं असो नसो, लगेच कोणातरी मोठ्या माणसाच्या कानावर घालायचं. एकटीने ते ओझं वाहायचं नाही, आणि त्या धाकाने नात्यात राहायचंही नाही.

खरी मजा पिवळ्या ढिगात. कार्ड होतं: ‘तो रोज रात्री विचारतो, घरी पोचलीस का?’ मुलाने ते बेधडक हिरव्यात टाकलं. ‘काळजी करतोय, त्यात काय!’ भाचीने उचलून हातात धरलं. ‘आणि उत्तर द्यायला अर्धा तास उशीर झाला तर?’ मुलगा म्हणाला, तर झोपला असेल. भाची म्हणाली, ‘किंवा एकवीस मिस्ड कॉल असतील.’ मी गप्प बसले. कार्ड उलटलं तर मागे हिरवा रंग. विषय तिथेच संपला की! मुलाने ‘बघ, मी म्हटलं ना’ केलं आणि भाचीचा चेहरा बंद झाला.

हा या संचाचा सगळ्यात मोठा दोष. एकच मेसेज एका घरात काळजी असतो, दुसऱ्यात हजेरी. फरक कळतो तो ‘नाही’ म्हटल्यावर समोरचा काय करतो त्यावरून, आणि तेच तेच किती वेळा घडतं त्यावरून. लोकेशन शेअर करण्याचंही तेच. मुलगा म्हणे, आम्ही मित्र सगळेच करतो. ठीक आहे, पण एक दिवस बंद करून बघ, कोण विचारतं आणि कसं विचारतं. या प्रश्नावर जेवढं बोलणं झालं तेवढं बाकीच्या ५९ कार्डांवर मिळून झालं नाही.

प्रसंग बरेचसे अमेरिकेतल्या वन लव्ह फाउंडेशनच्या यादीवर बेतलेले दिसतात. २०१० मध्ये यार्डली लव्ह या २२ वर्षांच्या विद्यार्थिनीचा तिच्या माजी प्रियकराने जीव घेतला, त्यानंतर तिच्या घरच्यांनी ही संस्था काढली. निकोप नात्याच्या दहा खुणा आणि बिघडलेल्या नात्याच्या दहा, अशी ती यादी आहे. यादी उत्तम, पण या संचातलं भाषांतर विचारू नका. बिघडलेल्या नात्याची पहिली खूण ‘तीव्रता’. मुलगा म्हणाला, ‘भूकंपाची का?’ अहो, ‘चार दिवसांच्या ओळखीत जन्मभराच्या आणाभाका’ असं लिहा, कोणालाही कळेल.

दुसरी कुरकुर: प्रत्येक कार्डात त्रास देणारा ‘तो’ आणि सोसणारी ‘ती’. दहाव्या कार्डाला मुलगा फुरंगटला. मग आम्ही पुढची सगळी उलटी वाचली, आणि काही तर नुसती मैत्रीण समजून वाचली. तेव्हा भाची आपणहून बोलली. तिची एक मैत्रीण आहे, भाची दुसऱ्या कोणाशेजारी बसली की ती तीन दिवस अबोला धरते. आणि दरवेळी माफी भाचीच मागते. कशाबद्दल, ते तिलाही माहीत नाही. प्रेमाबिमाच्या आधी हे धडे मैत्रीतच गिरवले जातात, हे संच बनवणाऱ्यांच्या ध्यानात कसं आलं नाही?

पुस्तिकेत डुलुथचं ‘सत्ता आणि नियंत्रणाचं चक्र’ छापलंय, म्हणजे जोडीदाराला ताब्यात ठेवण्याच्या तऱ्हा दाखवणारी चाकासारखी आकृती. मिनेसोटातल्या डुलुथ शहरात १९८४ मध्ये, मार सोसलेल्या बायकांशी बोलून ते तयार झालं. मोलाची गोष्ट, पण त्यात घरखर्चाचे पैसे अडवणं, मुलांना हत्यार बनवणं असल्या गोष्टी आहेत. पंधरा वर्षांच्या पोराला त्याचं काय? याच चक्राची किशोरवयीनांसाठीची आवृत्तीही आहे, मित्रमंडळींचा दबाव, कंपूतून तोडणं वगैरे धरून. ती छापायची होती.

आणि शेवटच्या पानावरचा सल्ला, ‘असं नातं ताबडतोब तोडा’, मला अर्धवट वाटला. नातं तोडण्याचा काळ कधीकधी सर्वांत धोक्याचा असतो. आधी विश्वासातल्या माणसाला सांगा, मेसेज जपून ठेवा, ‘शेवटचं भेटू’ म्हणून एकटं जाऊ नका, इतकं तरी हवं होतं.

तरीही घ्या म्हणेन. पाचपैकी साडेतीन. प्रसंग चांगले निवडलेत, अक्षर मोठं आहे, आणि मोठ्यांना बोलायला निमित्त मिळतं. फक्त आधी मागच्या उत्तरांवर कागद चिकटवा. मी ६० कार्डांवर चिकटवला, दोन दिवस बोटांचा डिंक जात नव्हता.