औषधी प्रीमिक्स बनवायचं की फीड मिल चालवायची? अमेरिकेतल्या रेकॉर्डच्या नियमांची तुलना

परवा आयोवातून एका मुलाचा फोन आला, आमच्या परळच्या व्हेटर्नरी कॉलेजचाच, माझ्या बऱ्याच मागच्या बॅचचा. तो आणि त्याचा पार्टनर मिळून एक बंद पडलेला प्लांट घ्यायच्या विचारात आहेत आणि प्रश्न एकच, दादा, आम्ही औषधी प्रीमिक्स बनवावं की सरळ जनावरांचं औषध घातलेलं खाद्य बनवावं, रेकॉर्डची कटकट कशात कमी? तासभर बोललो, तरी बरंच राहिलं, म्हणून इथे सगळं लिहून काढतोय, त्याच्यासारख्या बाकीच्यांनाही कामाला येईल.

आधी शब्द क्लिअर करू. एफडीएच्या, म्हणजे अमेरिकेच्या अन्न-औषध खात्याच्या भाषेत टाइप ए म्हणजे औषधाचं कॉन्सन्ट्रेट, ज्याला आपण प्रीमिक्स म्हणतो, आणि कायद्याने ते खाद्य नाही, औषध आहे. टाइप बी म्हणजे त्यातून केलेलं मधलं मिश्रण, अजून पातळ करायचं असतं. टाइप सी म्हणजे थेट जनावरापुढे ठेवायचं. टाइप ए वाल्याला २१ सीएफआरचा (अमेरिकेच्या केंद्रीय नियमांच्या संग्रहाचा) भाग २२६ लागतो, बी आणि सी वाल्याला भाग २२५. आणि २२५ मध्ये परत दोन घरं आहेत, लायसन्सवाली मिल आणि बिनलायसन्सची मिल. कॅटेगरी २ चं टाइप ए आणून खाद्य बनवणार असाल तर लायसन्स लागतं (काही लिक्विड आणि फ्री-चॉइस, म्हणजे जनावर हवं तेव्हा हवं तेवढं खातं अशा खाद्यांनाही लागतं, ते वेगळं). कॅटेगरी २ म्हणजे ढोबळमानाने ज्या औषधाला कत्तलीआधी ठरावीक दिवस बंद ठेवावं लागतं ते, उदाहरणार्थ नायकार्बाझिन, सल्फामेथाझिन. मोनेन्सिन, लासालोसिड ही कॅटेगरी १. म्हणजे तुलना दोघांची नाही, तिघांची आहे.

आता पहिली चूक जी हा मुलगाही करत होता आणि जवळजवळ सगळेच करतात. तो म्हणाला, टाइप ए ला २ वर्षं रेकॉर्ड ठेवायचं, फीडला १ वर्ष, म्हणजे फीड सोपं. असं नसतं रे बाबा. वर्षं मोजायच्या आधी घड्याळ कधी सुरू होतं ते बघायला पाहिजे. टाइप ए च्या बॅच रेकॉर्डची २ वर्षं बॅच बनवल्यापासून नाहीत, त्या बॅचचं वितरण संपल्यापासून आहेत, म्हणजे शेवटची गोणी गोदामात ११ महिने पडून राहिली तर तोपर्यंत घड्याळ सुरूच झालेलं नाही. लायसन्सवाल्या मिलमध्ये औषध आलं त्याची जी नोंद करतात तिचं १ वर्ष त्या लॉटचं औषध पूर्ण संपल्यापासून मोजायचं. कोपऱ्यात अर्धी गोणी राहिली की तो कागद जिवंत. माल पाठवल्याच्या नोंदी टाइप ए ला त्या शिपमेंटपासून २ वर्षं, मिलला शेवटच्या शिपमेंटपासून १ वर्ष. खरं सांगू, कागद किती दिवस ठेवायचे हा प्रश्न एका कपाटाने सुटतो. रोज कोणी, काय, किती वेळा लिहायचं हा खरा खर्च आहे आणि तो तिघांचा अगदी वेगवेगळा आहे.

टाइप ए मध्ये जड भाग आहे तो सह्यांचा आणि लॅबचा. प्रत्येक प्रॉडक्टचा मास्टर फॉर्म्युला एका जबाबदार माणसाने बनवून सही आणि तारीख टाकायची, आणि दुसऱ्या जबाबदार माणसाने स्वतंत्रपणे तो पडताळून परत सही आणि तारीख. स्वतंत्रपणे हा शब्द नीट वाचा, पार्टनरने लंच टाइममध्ये न बघता केलेली सही त्यात बसत नाही. त्यात लेबलचा नमुना, प्रत्येक घटकाचं वजन, किती माल निघायला पाहिजे तो आकडा, बनवायच्या आणि तपासायच्या सूचना सगळं येतं. मग प्रत्येक बॅचचं वेगळं रेकॉर्ड, कोणत्या लॉटचं औषध, किती वजन, किती मिनिटं मिक्सिंग, लॅबचा रिझल्ट, आणि प्रत्येक स्टेप करणाऱ्याची किंवा तिथे उभं राहून तपासणाऱ्याची सही. शुद्ध औषधापासून बनवत असाल तर प्रत्येक बॅचची तपासणी, एकही सोडून चालत नाही. आधीच तपासलेल्या टाइप ए मधून पातळ करून बनवत असाल तर लागोपाठ पहिल्या ५ बॅच मर्यादेत आल्या की मग किमान ५ टक्के बॅच. तक्रारी, तोंडी असोत की लेखी, २ वर्षं, आणि नुसती तक्रार नाही तर ती कशी तोलली आणि काय केलं तेही. शिवाय औषधाची मंजुरी ज्याच्या नावावर आहे त्याला दुष्परिणामांच्या रिपोर्टची वेगळी जबाबदारी असते, ते रेकॉर्ड ५ वर्षं. तुम्ही नुसते दुसऱ्यासाठी बनवून देणारे असाल, पण लेबलवर तुमचं नाव असेल, तरी कुठे औषधाने जनावर आजारी पडल्याची खबर तुमच्याकडे आली तर ती ३ वर्किंग डेजमध्ये मंजुरीधारकाकडे पोचवावी लागते. आणि ज्या औषधाला मिलचं लायसन्स लागतं ते गेटबाहेर काढायच्या आधी घेणाऱ्याकडून लेखी पाहिजे की त्याच्याकडे लायसन्स आहे, किंवा तो लायसन्सवाल्यालाच पुढे देईल. हा एक कागद नवीन लोक हमखास विसरतात.

लायसन्सवाल्या मिलमध्ये लॅब एवढी डोक्यावर नसते, प्रत्येक औषधाचे किंवा कॉम्बिनेशनचे वर्षाला किमान ३ नमुने. पण तिथे रोजची इन्व्हेंटरी आहे, आणि ती मला विचाराल तर या तिन्ही घरांतली सगळ्यात महत्त्वाची नोंद आहे. एक दिवस डोळ्यापुढे आणा. नायकार्बाझिन ब्रॉयलरच्या खाद्यात टनाला ११३.५ ग्रॅम जातं, आणि २५ टक्क्यांच्या टाइप ए मध्ये एका पाउंडात ११३.५ ग्रॅमच असतं, म्हणजे टनाला बरोबर १ पाउंड. ४ टनाचा मिक्सर, बॅचला ४ पाउंड. सकाळी काट्यावर २१२ पाउंड. दिवसभरात १४ बॅच, म्हणजे ५६ गेले. संध्याकाळी १५६ पाहिजेत आणि काटा दाखवतोय १५२. ४ पाउंड म्हणजे नेमकी एका बॅचची मात्रा. कुठल्या तरी ४ टनात औषध दुप्पट गेलंय का, की सांडलं आणि कोणी लिहिलं नाही? नियम सांगतो की लक्षात येण्यासारखा फरक दिसला की कारण शोधा आणि उलगडा होईपर्यंत तो माल सोडू नका. हे त्याच संध्याकाळी कळलं तर १४ बॅचचे कागद बघायचे असतात, आठवड्याने कळलं तर कोंबड्यांनी खाऊन झालेलं असतं. आणि तेच खाद्य चुकून अंड्यांवरच्या कोंबड्यांकडे गेलं तर तपकिरी अंड्यांचा रंग उडतो आणि पिल्लं निघण्याचं प्रमाण घसरतं.

मी पूर्वी एका मिलमध्ये होतो, नाव नको, तिथे शुक्रवारी दुपारी बसून पूर्ण आठवड्याची इन्व्हेंटरी शीट एकाच पेनाने भरायचे. सोमवार ते शुक्रवार रोज फरक शून्य. मी नवीन होतो, मी पण भरली. त्याची आजही लाज वाटते, कारण पाच दिवस शून्य फरक कुठल्याही खऱ्या काट्यावर येत नाही, आणि आम्ही कोणत्या बॅचमध्ये काय केलं ते आम्हालाच माहीत नव्हतं.

बिनलायसन्सची मिल कागदावर सगळ्यात हलकी. फॉर्म्युला, मिक्स केल्याची तारीख, स्वतःसाठी नसेल तर पाठवल्याची तारीख, आणि वेळ आली तर ठरावीक बॅच परत बोलावता येईल इतपत माहिती, शेवटच्या वितरणापासून १ वर्ष जागेवर ठेवायची. ठरावीक संख्येने स्वतःहून नमुने तपासायची सक्तीही नाही. पण इथेच मला काळजी वाटते. मोनेन्सिन कॅटेगरी १ आहे, गाईगुरांना चालतं, पण घोड्याला थोडंसुद्धा गेलं तरी हृदय निकामी होऊन घोडा मरू शकतो. एकाच मिक्सरमधून गुरांचं आणि मग घोड्यांचं खाद्य काढत असाल तर मधे मिक्सर धुऊन काढायला काय फिरवलं (फ्लश), किती पाउंड, ते कुठे टाकलं, किती वाजता, हे लिहाच. नियम हलका असला तरी घोड्याचं हृदय लायसन्स बघून चालत नाही. माझं तर म्हणणं आहे की घोड्यांचं खाद्य त्या लाइनवर घ्यायचंच नाही.

अजून एक गैरसमज. कॅटेगरी १ म्हणजे डॉक्टरची चिठ्ठी नको असं नाही. क्लोरटेट्रासायक्लिन कॅटेगरी १ मध्ये आहे, मिलला लायसन्स नको, पण १ जानेवारी २०१७ पासून व्हीएफडी म्हणजे व्हेटचा लेखी आदेश लागतो. तो आदेश व्हेटने, खाद्य देणाऱ्याने आणि शेतकऱ्याने, तिघांनीही २ वर्षं ठेवायचा. आदेशाची मुदत फार तर ६ महिने. म्हणजे फीडला १ वर्ष हा हिशोब इथेही फसला. त्यात खाद्य बनवणारी रजिस्टर्ड फॅसिलिटी असाल तर भाग ५०७ चं (जनावरांच्या खाद्याच्या सुरक्षिततेच्या नियमांचं) रेकॉर्डसुद्धा २ वर्षं, ते बाहेर ठेवलं तरी २४ तासांत हजर करता आलं पाहिजे, फूड सेफ्टी प्लॅन मात्र प्लांटवरच. टाइप ए औषध असल्यामुळे नुसतं तेच बनवणाऱ्याला ही ५०७ ची भर नाही.

मग घ्यायचं काय? स्वतःची लॅब नसेल किंवा कॉन्ट्रॅक्ट लॅबचे दर नक्की झाले नसतील तर टाइप ए मध्ये पडू नका, प्रत्येक बॅच रिझल्टसाठी थांबणार आणि पैसा गोणीत अडकणार. लॅब आहे, माणसं ४-५ आहेत, प्रॉडक्ट दोनच आहेत, तर उलट टाइप ए बरं, कारण रोज तेच ते काम आणि गिऱ्हाईकं मोजकी, पाठवल्याच्या नोंदी सरळ राहतात. गिऱ्हाईकं खूप, ऑर्डर छोट्या, दिवसाला दहा फॉर्म्युले, तर लायसन्सची मिल, पण संध्याकाळी काट्यासमोर उभा राहणारा एक माणूस पगारावर पाहिजे, ज्याला ड्रायव्हर घाई करत असला तरी ट्रक थांबवायचा अधिकार आहे.

त्या मुलाला मी बिनलायसन्सने, कॅटेगरी १ वर सुरुवात कर म्हटलं, पण रोजची इन्व्हेंटरी पहिल्या दिवसापासून लायसन्सवाल्यासारखीच ठेव. तीन महिन्यांनी त्या शीट मला पाठव, फरकाच्या रकान्यात काय आहे ते आपण दोघं बघू आणि मग लायसन्सचं ठरवू. सगळीकडे शून्य दिसला तर मात्र मी आधी त्याला काटा तपासायला लावणार.