बोगद्यात रोबो पाठवायचाय: लायडार की कॅमेरा, ए-स्टार की आरआरटी?

कोसळलेला बोगदा, बंद पडलेली खाण, किरणोत्सारी इमारत. अशा ठिकाणी माणसाआधी यंत्र पाठवायचं ठरलं की पहिला वाद सेन्सरवरून होतो, दुसरा अल्गोरिदमवरून. दोन्ही होऊ द्या. पण तिसरा प्रश्न सहसा कोणी काढत नाही: नकाशात जी जागा अजून दिसलेलीच नाही, ती रोबोने मोकळी धरायची की बंद? माझ्या मते बाकीच्या दोन्ही निवडी याच्या उत्तरावरून ठरवायला हव्यात.

आधी सेन्सर. लायडार म्हणजे लेझर किरण सोडून अंतर मोजणारा सेन्सर. त्याला अंधाराची फिकीर नसते आणि अंतर सेंटिमीटरच्या हिशेबात मिळतं. अमेरिकेतल्या डार्पा या संरक्षण संशोधन संस्थेच्या भूमिगत रोबो स्पर्धेची अंतिम फेरी 2021 मध्ये केंटकीतल्या लुइव्हिल शहराखालच्या जुन्या चुनखडीच्या खाणीत झाली. पहिल्या दोन संघांचे गुण सारखेच, 23. टायब्रेकरवर सेर्बेरस हा संघ जिंकला आणि ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या सरकारी विज्ञान संस्थेचा संघ दुसरा आला. दोघांच्याही नकाशांचा कणा लायडारच होता.

म्हणून लायडार घेतला की सुटलो, असं मात्र नाही. कोरड्या खाणीत रोबोची स्वतःचीच चाकं धूळ उडवतात, लायडारला ती धूळ भिंतीसारखी दिसते आणि रोबो स्वतःच उभ्या केलेल्या भिंतीपुढे थांबून राहतो. एका किरणाचे दोन परतावे (वाटेत आदळून परत आलेले भाग) देणारा लायडार असेल तर शेवटचा परतावा खरा मानून बरीच धूळ गाळता येते. कोटेशन मागवताना हे आवर्जून विचारा. पाण्याचं डबकं याच्या उलट वागतं. किरण पुढे निसटतो, परत येत नाही आणि नकाशात तिथे भोक राहतं. तिसरी अडचण लांब, सरळ, काँक्रीटच्या बोगद्यातली. दोन्ही बाजूंच्या भिंती सगळीकडे सारख्याच, त्यामुळे आपण पन्नास मीटर पुढे आलो की पाच, हे नुसत्या लायडारला कळत नाही. चाकांची ओडोमेट्री (फेऱ्यांवरून काढलेलं अंतर) आणि आयएमयू (वेग-वळण मोजणारा सेन्सर) यांची जोड तिथे लागतेच.

कॅमेरा स्वस्त, हलका, कमी बॅटरी खाणारा. लहान ड्रोनवर कॅमेरा आणि आयएमयू ही जोडी चांगली चालते. पण अंधारात दिवा रोबोनेच न्यायचा, आणि हवेत धूळ असेल तर घाटातल्या धुक्यात हाय बीम लावल्यावर जे होतं तेच होतं. किरणोत्सार जास्त असेल तिथे चित्रात पांढरे ठिपके नाचू लागतात आणि पुढे सेन्सर निकामीही होतो. धुराचीच मुख्य भीती असेल तर थर्मल कॅमेरा किंवा मिलिमीटर-वेव्ह रडार सोबतीला घ्या. रडारला धुरातून दिसतं, पण नकाशा ढोबळ येतो आणि धातूच्या भिंतींमुळे नसलेल्या वस्तूही दिसतात.

आता वाट. वाट शोधणाऱ्या अल्गोरिदमांपैकी 1968 चा ए-स्टार आजही उत्तम, पण नकाशा बदलला की सगळा हिशेब नव्याने मांडतो. 2002 चा डी-स्टार लाइट बदललेला भागच दुरुस्त करतो. दर वळणावर नवा ढिगारा दिसणार असेल तर तो फायद्याचा. 1998 च्या आरआरटीचा आणि त्याच्या सुधारित आरआरटी-स्टारचा भर यादृच्छिक, म्हणजे कुठेही सहज निवडलेल्या बिंदूंवर. रोबोटिक हात किंवा ड्रोनसारख्या अनेक दिशांनी हलणाऱ्या यंत्रांसाठी ते बरे, पण अरुंद फटीतून वाट काढताना फार वेळ घेतात, आणि खाणीत तर फटीच फटी. चाकांच्या किंवा पट्ट्यांच्या रोबोसाठी मी ग्रिडवरचा, म्हणजे चौकटींच्या नकाशावर वाट ठरवणारा प्लॅनरच (ए-स्टार किंवा डी-स्टार लाइट) घेईन.

आता तो तिसरा प्रश्न. आरओएस-2 या रोबोंच्या सॉफ्टवेअर-संचातलं नॅव्ह-2 हे वाट काढणारं पॅकेज बहुतेक जण जसंच्या तसं वापरतात. त्याच्या कॉस्टमॅपमध्ये (कुठून जाणं धोक्याचं हे सांगणाऱ्या नकाशात) ‘ट्रॅक अननोन स्पेस’ मुळात बंद असतं, म्हणजे न दिसलेली जागा मोकळी धरली जाते. शिवाय त्याच्या नॅव्हफन या प्लॅनरमध्ये ‘अलाउ अननोन’, म्हणजे न दिसलेल्या जागेतून जाण्याची परवानगी, मुळात चालू. गोदामात हे सोयीचं, कारण गोदामाच्या फरशीला अचानक खड्डा पडत नाही. खाणीत मात्र मघाचं डबक्याचं भोक प्लॅनरला सरळ रस्ता वाटतो. पहिली सेटिंग चालू करा, दुसरी बंद. रोबो हळू जाईल, कधी नको तिथे अडेल. अडू द्या.

2002 मध्ये पेन्सिल्व्हेनियात क्वीक्रीक खाणीतले कामगार शेजारच्या सोडून दिलेल्या खाणीच्या चुकीच्या नकाशामुळे पाण्यात अडकले. नऊही जण वाचले. त्यानंतर कार्नेगी मेलन विद्यापीठाने ग्राउंडहॉग हा रोबो बनवला आणि 2003 मध्ये मॅथीज या बंद खाणीत सोडला. तीनशे मीटरच्या पुढे छताची तुटलेली पट्टी वाटेत तिरकी आलेली होती. रोबोने ती ओळखली आणि माघारीचा निर्णय स्वतःच घेतला.

माघारीचा हिशेब रोबोला जोडलेल्या संपर्काच्या केबलनेही बदलतो. जपानच्या फुकुशिमा अणुप्रकल्पात ऑक्टोबर 2011 मध्ये क्विन्स रोबो दोन क्रमांकाच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहिला तो केबलच्या घोटाळ्यामुळे. केबल असेल तर परतीची सर्वात जवळची वाट निरुपयोगी. आलेल्या वाटेनेच परतायचं, हा नियम प्लॅनरमध्ये घालावा लागतो. वायरलेस घेतलंत तर वाटेत रिले (सिग्नल पुढे पोचवणारे छोटे संच) टाकत जावे लागतात, आणि संपर्क तुटला की शेवटच्या रिलेपर्यंत आपणहून परतणं रोबोला यायला हवं.

चंद्रपूर-वणी पट्ट्यातल्या भूमिगत कोळसा खाणींचा विचार असेल तर या सगळ्याआधी धनबादच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाची मान्यता येते. मिथेन हवेत 5 ते 15 टक्के झाला की ठिणगी पुरते, म्हणून विजेची बहुतेक उपकरणं ज्वालारोधक पेटीत. त्या पेटीचं वजन धरूनच चाकं, मोटर आणि बॅटरी ठरवा. हलका ड्रोन तिथे जवळपास बाद होतो.

बजेट तुटपुंजं असेल तर दोन परताव्यांचा एक लायडार, आयएमयू, ओडोमेट्री आणि डी-स्टार लाइट एवढ्यावर सुरुवात करा. विक्रेत्याला डेमो स्वच्छ कॉरिडॉरमध्ये देऊ देऊ नका. जमिनीवर सिमेंटची धूळ टाका, मध्ये पाणी ओता, रोबो अर्ध्या वाटेत असताना वायफाय बंद करा. तो आपणहून दारापर्यंत परत आला तरच किमतीचं बोलणं काढा.