मशीन गेलं आणि सौदाही रद्द झाला

ऑनलाइन लिलावात सामान विकणाऱ्या आणि गिऱ्हाइकाला 'घरी येऊन घेऊन जा' म्हणणाऱ्या आपल्या मंडळींसाठी हे लिहितेय. इथे न्यू जर्सीत घर बदलताना, मुलं कॉलेजला गेली की, नाहीतर भारतात परतायचं ठरलं की आपल्यातले पुष्कळ जण असं सामान काढतात. पार्सलने पाठवलेल्या मालात काय काय घोळ होतात ते एव्हाना सगळ्यांना पाठ आहे. पण दारातून, आपल्या डोळ्यांदेखत माल गेला तरी माणूस कसा लुबाडला जातो, ते कुणी फारसं सांगत नाही. एक तर लाज वाटते, आणि दुसरं म्हणजे नेमकं कुठे काय झालं हेच बऱ्याच जणांना शेवटपर्यंत कळलेलं नसतं.

माझी वस्तू होती स्नो ब्लोअर. घर विकून आम्ही कॉन्डोत राहायला जाणार होतो, आणि तिथे बर्फ काढायचं काम असोसिएशनचं. मशीन टू-स्टेज, म्हणजे पुढचा ऑगर बर्फ आत ओढतो आणि मागचा पंखा तो नळकांड्यातून लांब फेकतो. दोघांनी मिळूनही उचलवत नाही आणि चालतं पेट्रोलवर, त्यामुळे पार्सलचा प्रश्नच नव्हता. लिलावात 'फक्त लोकल पिकअप' असं स्पष्ट लिहिलं. जानेवारीत वादळाचा अंदाज आला तशी बोली चढत गेली आणि मशीन ७४० डॉलरला सुटलं. बर्फाच्या बातमीने दुकानांतला ब्रेड-दूध जसा संपतो तसाच स्नो ब्लोअरचा भावही वर जातो, आणि लुटारूंनाही तो हंगाम बरोबर माहीत असतो.

ज्याची बोली लागली त्याने लगेच साइटवर कार्डाने पैसे भरले. इथवर सगळं रीतसर. या साइटवर अशा सौद्यांत गिऱ्हाइकाला सहा आकडी कोड येतो. माल ताब्यात घेताना त्याने तो विक्रेत्याला सांगायचा, विक्रेत्याने ॲपमध्ये टाकायचा, की 'माल मिळाला' अशी नोंद होते. पार्सलच्या मालाला ट्रॅकिंग नंबर असतो, हातोहात दिलेल्या मालाला हा कोड. कोड टाकलेला नसेल तर साइटच्या लेखी तो माल अजून तुमच्या गॅरेजमध्येच पडलेला आहे.

गृहस्थ दुसऱ्या संध्याकाळी एका मदतनिसाला घेऊन आले. (गृहस्थ म्हणतेय, कारण वागणं तसंच होतं.) मशीनची पारख चांगली होती. शिअर पिन वाकलेल्या नाहीत ना ते बघितलं, चालू करून आवाज ऐकला, तेल कधी बदललं ते विचारलं. मग खिशातून पाकीट काढून म्हणाले, की साइटवर चुकून धंद्याचं कार्ड वापरलं गेलं, अकाउंटंट कटकट करतोय, म्हणून ७४० डॉलरचा कॅशिअर्स चेक करून आणलाय. तो घ्या आणि साइटवरचा सौदा रद्द करा. साइट तुमच्याकडून तेरा टक्के फी कापते, तेही तुमचे वाचतील.

मी लगेच म्हटलं, चेक वटल्याशिवाय मी काहीही रद्द करणार नाही. त्यावर त्यांचं उत्तर तयार होतं, आणि सगळी मेख त्या उत्तरात होती. "अगदी बरोबर. कार्डाचे पैसे तुमच्याकडेच राहू द्या. उद्या चेक बँकेत भरा, पैसे खात्यात दिसले की मगच रद्द करा. फक्त आत्ता तो कोड टाकू नका, नाहीतर नंतर रद्द करता येत नाही."

जरा विचार करून बघा, यात विक्रेत्याला खटकण्यासारखं काय आहे? एका वस्तूचे पैसे दोन वाटांनी आपल्या हातात, आणि कार्डाचे कधी सोडायचे तेही आपणच ठरवायचं. घाई करणारा, रडगाणं गाणारा, जास्तीच्या रकमेचा चेक देऊन 'वरचे पैसे परत पाठवा' म्हणणारा भामटा आपण ओळखतो. हा माणूस उलट मलाच थांबायला सांगत होता.

आता कॅशिअर्स चेकबद्दल. हा चेक बँक स्वतःच्या खात्यावर काढते, गिऱ्हाइकाकडून पैसे आधी घेऊन. आपल्याकडच्या डीडीचाच भाऊ. आपण भारतातून येताना 'डीडी कधी परत येत नाही' ही समजूत सोबत आणलेली असते, आणि खऱ्या चेकच्या बाबतीत ती बरीचशी खरीही आहे. पण कागद खरा आहे की नाही हे काउंटरवरच्या माणसाला नुसतं बघून कळत नाही. माझ्या हातातल्या चेकवर वॉटरमार्क होता, शाई उठावदार होती आणि नाव दुसऱ्या राज्यातल्या खऱ्याखुऱ्या लहानशा बँकेचं होतं.

त्यात कायदा असा. पूर्वी इथल्या बँका चेकचे पैसे हवे तितके दिवस अडकवून ठेवत. ते थांबावं म्हणून काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, १९८७ मध्ये एक्स्पीडायटेड फंड्स अव्हेलेबिलिटी ॲक्ट केला, आणि त्याखाली फेडरल रिझर्व्हचं, म्हणजे इथल्या मध्यवर्ती बँकेचं, रेग्युलेशन सीसी हा नियम आला. त्यानुसार ज्याच्या नावाचा कॅशिअर्स चेक आहे त्याने तो स्वतः काउंटरवर आपल्या खात्यात भरला, तर साधारणपणे लगेच पुढच्या कामाच्या दिवशी बँकेला पैसे काढू द्यावे लागतात. हे पैसे समोरच्या बँकेने मान्य केलेले नसतात. तुमची बँक ते नियमापोटी वापरायला देते, आणि चेक खोटा निघाला की तुमच्याकडूनच परत घेते. ते कळायला कित्येकदा आठवडे जातात. ग्राहकाच्या सोयीसाठी केलेल्या नियमात आणि प्रत्यक्ष चेक वटण्यात जे दिवस उरतात, त्या दिवसांवर हा सगळा धंदा चालतो.

माझंही तसंच झालं. चेक भरला, दुसऱ्या दिवशी शिल्लक ७४० ने वाढलेली दिसली. तेवढ्यात साइटवर त्याची रद्द करण्याची विनंती येऊन पडली. मी ती मान्य केली आणि कार्डाचे पैसे त्याच्याकडे परत गेले. पुढे बँकेचं पत्र आलं की चेक बनावट आहे. ७४० डॉलर वजा, वर परत आलेल्या चेकची फी वेगळी.

खरी कारागिरी मला त्यानंतर दिसली. मशीन, चेक, अकाउंटंट, सगळं बोलणं त्याने दारात किंवा फोनच्या मेसेजवर केलं होतं. साइटवर त्याचं लिहिलेलं एकच वाक्य होतं: 'माझा विचार बदलला, कृपया सौदा रद्द करा.' म्हणजे साइटच्या दप्तरात चित्र काय? गिऱ्हाइकाने पैसे भरले, माल न्यायच्या आधी त्याचा विचार बदलला, विक्रेतीने समजूतदारपणे होकार दिला, पैसे परत गेले. कुणाचीच तक्रार नाही. मी कळवलं तेव्हा साइटचं उत्तर याच नोंदीवर बेतलेलं आलं. सौदा दोघांच्या संमतीने रद्द आहे, माल दिल्याची नोंद नाही, आणि साइटबाहेर घेतलेल्या पैशांची जबाबदारी आम्ही घेत नाही. रद्द सौद्यावर त्याच्याबद्दल शेराही लिहिता येत नाही, त्यामुळे पुढच्या विक्रेत्याला त्याच्या खात्यावर काही दिसणार नाही. मला उत्तराचा राग आला, पण त्यांच्या दप्तरात शोधून सापडावं असं तिथे खरंच काही नव्हतं.

गाडीच्या नंबराचा फोटो माझ्याकडे होता. गाडी भाड्याची निघाली. पोलिसांनी तक्रार नोंदवून घेतली आणि सांगितलं की खातेदाराची माहिती साइट विक्रेत्याला देत नाही, ती कायदेशीर मार्गाने मागवावी लागते, आणि असे लोक बहुधा प्रीपेड कार्ड वापरतात. एफबीआयच्या इंटरनेट क्राइम कम्प्लेंट सेंटरकडे आणि फेडरल ट्रेड कमिशनकडेही ऑनलाइन तक्रार केली. तिथून पैसे परत येत नाहीत, पण एकाच नावाच्या दहा तक्रारी एकत्र दिसल्या तर निदान कुणीतरी त्याकडे बघतं. म्हणून रक्कम लहान असली तरी कराच.

आमच्या मराठी ग्रुपवर हे टाकल्यावर इतरांनीही तोंड उघडलं. एकीने ट्रेडमिल विकली होती. गिऱ्हाइकाने कार्डाने पैसे भरले, 'फोनची बॅटरी संपली, कोड घरी गेल्यावर पाठवतो' म्हणून ट्रेडमिल नेली, आणि महिन्याभराने कार्ड कंपनीकडे 'माल मिळालाच नाही' अशी तक्रार ठोकली. तिच्याकडे पुरावा म्हणून काय, तर गॅरेजची रिकामी जागा. एकाच्या पुण्यातल्या भाच्याला जुना सोफा विकताना 'पैसे पाठवतोय, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका' असं सांगितलं गेलं. यूपीआयमध्ये पैसे घ्यायला पिन लागतच नाही, पिन टाकली की पैसे जातात. तिकडे चेक नाही, कॅशिअर नाही, पण बनाव त्याच जातीचा: पैसे येताहेत असं वाटायला लावून विक्रेत्याच्याच हाताने बटण दाबून घ्यायचं.

तेव्हा माल दारातून जात असेल तर आधी कोड, मग माल. फोन बंद आहे? चार्जर द्या. कोड भावाकडे, बायकोकडे आहे? इथूनच फोन लावा आणि मिळेपर्यंत मशीन जागचं हलवू नका. साइटवर पैसे आलेले असताना कुणी दुसऱ्या मार्गाने पैसे देऊ लागला, तर कारण कितीही सरळ वाटो, नको म्हणा. खरंच कार्ड चुकलं असेल तर माल न नेता आधी सौदा रद्द करू, पैसे परत जाऊ देत, मग नव्याने रीतसर घ्या, असं सांगून बघा. खऱ्या गिऱ्हाइकाला एवढी कळ काढता येते. उद्या वादळ येणार असेल तर कदाचित नाही काढता येणार. मग खुशाल दुसरीकडे घेऊ दे.

रद्द करण्याबद्दल मात्र थोडं सविस्तर. माल गेल्यानंतर सौदा रद्द करण्याचं एकही सच्चं कारण मला अजून सापडलेलं नाही. माल परत येणार असेल तर ते रिटर्न, त्याची वेगळी वाट असते. माल जायच्या आधी गिऱ्हाइक माघार घेत असेल, तर त्याने ते साइटच्या मेसेजमध्येच लिहावं आणि तुम्हीही 'गिऱ्हाइकाच्या विनंतीवरून' हेच कारण निवडावं. कंटाळून 'माल शिल्लक नाही' निवडलंत तर तो डाग तुमच्या नावावर बसतो. आणि कुणी 'येतो, येतो' म्हणत पैसे न भरता नुसता झुलवत असेल तर भिडेखातर गप्प बसू नका. माझ्या साइटवर चार दिवसांनंतर 'पैसे भरले नाहीत' म्हणून सौदा बंद करता येतो, फीही लागत नाही. तुमच्या साइटचा नियम आधीच बघून ठेवा.

रोख घ्यायचे तर जागा पोलीस ठाण्याची निवडा. बऱ्याच गावांत ठाण्याच्या पार्किंगमध्ये कॅमेऱ्याखाली अशा देवघेवीसाठी जागा राखलेली असते. जड सामानाला ते जमत नाही, मग निदान पैसे तरी बँकेत जाऊन घ्या. दुकानात नोटेवर ओढतात ते पेन फक्त कागदातला स्टार्च ओळखतं. खरी लहान नोट धुऊन त्यावर शंभर छापलेली असली तर पेन काहीच सांगत नाही. २०१३ पासूनच्या शंभराच्या नोटेत निळी पट्टी विणलेली असते, नोट हलवली की त्यातल्या आकृत्या सरकतात. ती बघा.

कॅशिअर्स चेकच घ्यायची वेळ आली तर तो काढणाऱ्या बँकेत गिऱ्हाइकाबरोबर जा आणि तुमच्या समोर करून घ्या. ते शक्य नसेल तर बँकेला फोन करून खात्री करा, पण चेकवर छापलेल्या नंबरावर नव्हे. माझ्या चेकवरचा नंबर बँकेचा नव्हताच. एफडीआयसीच्या (बँकांतल्या ठेवींचा विमा उतरवणाऱ्या सरकारी संस्थेच्या) साइटवर बँकेचं नाव शोधा, तिथून तिची खरी वेबसाइट आणि मग नंबर मिळवा. आणि आपल्या बँकेत 'पैसे जमा झाले का' असं विचारू नका, हो म्हणतील. 'चेक काढणाऱ्या बँकेने पैसे दिले का' असं विचारा.

त्यानंतर मी त्याच साइटवर जेवणाचं टेबल लिलावात ठेवलं. खाली लिहिलं: पैसे साइटवरच, कोड दारात सांगितल्यावरच माल हलेल, माल गेल्यावर सौदा रद्द होणार नाही. पहिल्याच दिवशी एकाने विचारलं, कॅशिअर्स चेक चालेल का? मी म्हटलं, चालेल, तुमच्या बँकेत तुमच्याबरोबर येते, शनिवारी सकाळी मोकळी आहे. त्याचं उत्तर आलं नाही. टेबल एका गुजराती काकांनी नेलं, आणि कोड त्यांनी मी विचारायच्या आधीच वाचून दाखवला.